बोट लागते म्हणून बोट सोडायची का?

वाचकाचं पत्र (थोडं आवरून):

"ताई, येत्या डिसेंबरात लेक-जावयांनी आम्हा दोघांना मुंबईहून क्रूझवर न्यायचं ठरवलंय. चार रात्री, गोवा आणि लक्षद्वीप. सात वर्षांचा नातूही आहे बरोबर. मला सांगितलं ते तिकिटं काढून झाल्यावर. माझं वय ५८. लहानपणापासून मला गाडी लागते. ताम्हिणी घाटात तर दर खेपेला थांबावं लागतं. चार वर्षांपूर्वी गेटवेहून मांडव्याला लाँचने निघालो, निम्म्या वाटेत उलट्या सुरू झाल्या, आणि परतताना मी हट्टाने रस्त्याने आले. जावई म्हणतात, 'आई, सगळं मनाचं असतं, एवढ्या मोठ्या जहाजात कळतसुद्धा नाही.' नणंद म्हणते, उपाशी पोटी चढ, पोटात काही नसेल तर पडेल काय? यजमान ६४ वर्षांचे, मधुमेह आहे, प्रोस्टेटचाही त्रास. त्यांना बोट लागते की नाही, ठाऊक नाही. जावयांसमोर चार दिवस पिशवी धरून बसायचं, ही कल्पनाच करवत नाही. नको म्हणू का? — एक आजी, चिंचवड"

प्रिय चिंचवडकर ताई,

नको म्हणू नका. जा. फक्त जावयांच्या भरवशावर जाऊ नका, आणि नणंदेचा सल्ला चिंचवडातच ठेवून जा.

रत्नागिरीत एसटी स्टँडजवळ आमचं औषधांचं दुकान होतं. पस्तीस वर्षं मी काउंटरमागे उभी राहिले. "गाडी लागायची गोळी द्या" म्हणणारं गिऱ्हाईक रोजचंच. त्यातले बरेच जण कोल्हापूरची गाडी फलाटाला लागल्यावर पळत यायचे, गोळी तिथेच तोंडात टाकायचे, वर घोटभर पाणी, की पुन्हा पळत गाडीत. आंबा घाटात ती गोळी बाहेर. आठवड्याने परत आले की तक्रार, "तुमच्या गोळीचा काही उपयोग झाला नाही हो." कसा व्हावा? गोळी अंगात भिनायला तास-दोन तास लागतात. आणि एकदा मळमळायला लागलं की पोटाचं काम मंदावतं, वरून टाकलेलं पुढे सरकतच नाही. तुमचंही मांडव्याला हेच झालं असणार. गोळी घेतली होती की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण घेतली असलीच तर लाँचमध्ये बसल्यावर, अशी माझी पैज.

बोट लागते ती कानाला. पोट उगाच बदनाम होतं. आपल्याकडे जरा मळमळलं की पित्त झालं म्हणायचं, म्हणून लोक प्रवासाआधी ॲसिडिटीची गोळी घेतात. त्या बिचारीचा इथे काही संबंध नाही. कानाच्या आत, अगदी खोलवर, पाण्याने भरलेल्या तीन अर्धगोल नळ्या असतात आणि शेजारी चुनखडीसारखे सूक्ष्म कण. आपण कुठे कलतोय, वर चाललोय की खाली, ही खबर तिथून मेंदूला जाते. बंद केबिनमध्ये बसलात की कान सांगतो, "आपण हलतोय." डोळे सांगतात, "छे, भिंत जागच्या जागी आहे." मेंदूला कुणाचं खरं मानावं कळत नाही, आणि भोगायचं पोटाने. कानाचा हा भाग ज्यांचा पूर्ण निकामी असतो, त्यांना कितीही खवळलेल्या समुद्रात बोट लागत नाही. तेव्हा जावयांना सांगा, मनाचं असतं तर असं झालं नसतं. भीतीने आणि वासाने त्रास वाढतो हे खरं, पण सुरुवात कानात होते. गाडी चालवणाऱ्याला गाडी लागत नाही, हे तुम्ही पाहिलंच असेल. पुढचं वळण त्याला आधी दिसतं, म्हणून कान आणि डोळे एकच गोष्ट सांगतात.

मोठ्या जहाजात कळत नाही, हे मात्र जावयांचं अर्धं बरोबर आहे. मांडव्याची लाँच प्रत्येक लाटेवर उडते, वर डिझेलचा वास. तिच्यावरून क्रूझची परीक्षा करू नका. मोठ्या जहाजाला पाण्याखाली दोन्ही अंगांना पंख असतात, ते त्याचं डावी-उजवीकडे कलणं बरंच आवरतात. पुढचं टोक वर-खाली होणं मात्र त्यांना थांबवता येत नाही. आणि माणसाला छळतं ते हेच. साधारण पाच सेकंदांना एक, अशा संथ चालीचं वर-खाली सगळ्यांत वाईट. खड्ड्यातून दणादण जाणारी एसटी परवडली.

महिना तुम्हाला चांगला मिळालाय. जून ते सप्टेंबर आपला समुद्र कुणाचाच नसतो. डिसेंबरात कोकण किनाऱ्याला तो बहुतेक वेळा शांत, दुपारनंतर थोडा वारा सुटतो तेवढाच. शंभर टक्के हमी नाही. २०१७ साली डिसेंबरच्या तोंडावरच ओखी वादळ लक्षद्वीपला झोडपून पुढे सरकलं होतं. पण असं काही असलं तर जहाजवाले मार्ग बदलतात, ती चिंता तुम्ही करू नका.

आता खोलीचं बघा, आणि आजच बघा. मी लहान असताना आम्ही मुंबईहून रत्नागिरीला बोटीने यायचो. भाऊच्या धक्क्यावर बोटीत चढलं की आजी सामान तसंच टाकून आधी मधल्या जागेवर सतरंजी पसरायची, आणि ती जागा कुणी मागितली तर भांडायची. गार वारा लागतो म्हणून तरणी पोरं पुढे नाळेकडे जाऊन बसायची आणि हर्णै येईतो पिवळी पडायची. बागेतला सी-सॉ आठवा: टोकाला बसलेलं पोर वर-खाली होतं, मधला खांब जागचा हलत नाही. जहाजाचं तसंच. लांबीच्या मध्यावर आणि जितकं खालच्या मजल्यावर, तितका हेलकावा कमी. आता गंमत अशी, की कौतुकाने सासूबाईंसाठी काढलेली महागडी बाल्कनीवाली खोली बरेचदा वरच्या मजल्यावर असते, कधी अगदी पुढच्या टोकाला. लेकीकडून जहाजाचा नकाशा मागवा. खालच्या मजल्यावरची, मधली, खिडकी असलेली खोली मिळत असेल तर तीच घ्या. खिडकी हवीच, क्षितिज दिसलं पाहिजे. पैसेही वाचतील.

गोळीबद्दल सविस्तर लिहिते, कारण इथेच सगळ्यांची गाडी चुकते. दुकानात जाऊन नुसतं "उलटीची गोळी द्या" म्हणालात तर तुमच्या हातात बहुतेक ऑन्डॅनसेट्रॉन पडेल. औषध उत्तम आहे. बाहेरचं खाऊन पोट बिघडलं, ऑपरेशननंतर उलट्या झाल्या, तर देतातच. पण बोट लागू नये म्हणून तिचा उपयोग होत नाही, तिचा रस्ताच वेगळा. तुम्हाला हवी ती कान आणि मेंदूमधली बातमी मवाळ करणारी गोळी. प्रोमेथाझिन, जी आपल्याकडे अव्होमिन म्हणून पिढ्यान् पिढ्या माहीत आहे, किंवा सिनारिझिन, डायमेनहायड्रिनेट यांपैकी एखादी. यातली कुठली हे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना ठरवू द्या, त्यांना तुमची बाकीची औषधं माहीत असतात. प्रोमेथाझिन दिली तर मोठ्या माणसाला लांबच्या प्रवासात २५ मिलिग्रॅमची एक गोळी आदल्या रात्री झोपताना आणि पुढे रोज रात्री एक, अशी पद्धत आहे. छोट्या प्रवासाला निघण्याआधी तास-दोन तास. अंगाला हेलकाव्याची सवय साधारण दोन-तीन दिवसांत होते. तुमची सहल चारच रात्रींची, म्हणजे सवय होईतो परतीची वाट लागलेली असणार. म्हणून पहिल्या दोन-तीन रात्री गोळी चुकवू नका.

या गोळ्यांनी झोप येते, तोंड कोरडं पडतं. त्यामुळे आत्ताच, नोव्हेंबरातल्या एखाद्या निवांत रात्री, घरी एक घेऊन बघा. सकाळी डोकं किती जड राहतं ते कळेल. जहाजावर पहिल्यांदा घेतली आणि जिन्यावर तोल गेला, असं नको. झोपेची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि वाइनचा ग्लास कुणी कितीही आग्रहाने पुढे केला तरी या गोळीबरोबर नाही.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, मला ती फार आवडते. १९४७ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये एका बाईला अंगावर पित्त उठायचं, गांध्या यायच्या, म्हणून नवं औषध दिलं. काही दिवसांनी ती म्हणाली, गांध्यांचं राहू दे, पण मला ट्राम लागायची ती लागेनाशी झाली! डॉक्टरांचे कान टवकारले. त्याच वर्षी अटलांटिकवरून निघालेल्या सैनिकांच्या जहाजावर त्यांनी ते औषध देऊन पाहिलं, आणि डायमेनहायड्रिनेट जगभर प्रवासाची गोळी झाली. म्हणजे पित्ताचा बोटीशी संबंध आहे म्हणायचा, फक्त वेगळ्या पित्ताचा. यावरून कुणी घरातली सेटिरिझिन शोधायला जाऊ नका. नव्या ॲलर्जीच्या गोळ्या झोप येऊ नये म्हणून मेंदूत फारशा शिरत नाहीत, म्हणूनच इथे त्या कुचकामी.

यजमानांचं वेगळं. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाला या गोळ्यांनी लघवी अडकू शकते. काचबिंदू असेल तरीही जपून. तुम्हाला दिलेल्या पट्टीतली एक गोळी "तुम्हीही घेऊन ठेवा" म्हणून त्यांच्या हातावर ठेवाल, तर तसं करू नका. अमेरिकेतली भाचरं हल्ली कानामागे लावायची पट्टी पाठवतात, तीन दिवस टिकते. तीही त्यांना नको, कारण तोच अवगुण तिच्यात जास्त. त्यांना बोट लागेलच असं नाही, वयाबरोबर हा त्रास बहुतेकांचा कमी होतो. खरी काळजी साखरेची आहे. मधुमेहाची गोळी घेतली किंवा इन्सुलिन टोचलं, आणि खाल्लेलं उलटून पडलं, तर साखर झपकन खाली येते. जेवण गेलं नाही तर कुठली गोळी थांबवायची, कुठली नाही, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. आणि औषधांची पिशवी हातातल्या सामानात ठेवा. मोठ्या बॅगा चढताना काढून घेतात, त्या खोलीत पोहोचायला वेळ लागतो.

नातवाकडेही लक्ष असू द्या. दोन ते बारा या वयातल्या मुलांना हा त्रास जास्त. बडबडं पोर एकदम गप्प झालं, जांभया द्यायला लागलं, तोंडाला पाणी सुटून सारखं गिळायला लागलं, कपाळ गार घामाने ओलं, की समजायचं. हातातला टॅब काढून घ्या आणि डेकवर न्या. गोळीचं माप वजनावर असतं, ते बालरोगतज्ज्ञच सांगतील. मोठ्यांची अर्धी मोडून देऊ नका. काही मुलं या औषधाने झोपण्याऐवजी उलट चेकाळतात, तेही घरीच बघून घ्यावं.

उपाशी चढायचं नाही. रिकाम्या पोटी उमासे थांबत नाहीत, कोरड्या उलट्यांनी बरगड्या दुखतात. निघण्याआधी दोन तास हलकं काही: दहीभात, इडली, मऊ खिचडी. जहाजावर थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी, कोरडं. खरा धोका त्या बुफेचा आहे. पैसे भरलेत म्हणून आपली माणसं चार गोडं आणि तीन तळलेली घेतात आणि वर आइस्क्रीम. पहिला दिवस तरी आवरा. बंद पाकिटातले खाकरे, बिस्किटं, लिमलेटच्या गोळ्या, आमसुलं जवळ ठेवा. आणि आलेपाक. आल्यात तथ्य आहे. डेन्मार्कच्या ८० नौदल कॅडेटांवर १९८८ मध्ये प्रयोग झाला होता. १ ग्रॅम सुंठ घेतलेल्यांना उलट्या कमी झाल्या. मळमळ मात्र म्हणावी तशी थांबली नाही. म्हणजे गोळीच्या जोडीला आलेपाक, गोळीऐवजी नाही. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर त्याचाही अतिरेक नको. मनगटावरचे ते बटणवाले पट्टे? भरवशाचा पुरावा नाही, अपायही नाही. बांधायचे तर बांधा.

एवढं करूनही पोटात ढवळायला लागलं, तर खोलीत जाऊन मोबाइल बघत पडू नका. मधल्या डेकवर उघड्यावर या आणि जिथे आभाळ पाण्याला टेकतं त्या रेघेकडे बघत राहा. रेघ स्थिर असते; डोळे कानाचं म्हणणं मान्य करतात. डोकं कमीत कमी हलवा. अगदीच उभं राहवेना तर खोलीत उताणं झोपून डोळे मिटा. डोळे उघडे ठेवून अर्धवट बसणं सगळ्यांत वाईट. उलटी आली तर पिशवीत करा, रेलिंगवरून वाकू नका; वारा कुठून येतोय हे दर्यावर्दी माणसाला कळतं, आपल्याला कळतं ते साडी खराब झाल्यावर. नंतर एकदम ग्लासभर पाणी नको. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस, चमच्या-चमच्याने. घोटभरसुद्धा टिकत नसेल तर जहाजावरच्या दवाखान्यात जा. पैसे पडतात, पण इंजेक्शन मिळतं आणि ते लागू पडतं. उलट्यांबरोबर जुलाब किंवा ताप असेल तर ती बोट नव्हे, संसर्ग आहे. तो जहाजावर भराभर पसरतो, तेव्हा लपवू नका. आणि जेवणाआधी हात साबणाने धुवा, नुसत्या सॅनिटायझरवर भिस्त नको.

लक्षद्वीपबद्दल एक. मोठी जहाजं बेटाला टेकत नाहीत. प्रवाळाच्या रांगेबाहेर उभी राहतात आणि छोट्या होड्यांनी माणसं नेतात. जहाजावर ठणठणीत असलेल्या माणसाला त्या होडीत मळमळू शकतं. त्या दिवशी सकाळी डॉक्टरांना विचारून वेगळी गोळी घ्यायची का, हे आधीच ठरवून ठेवा. होडीत मध्ये बसा आणि तोंड जाण्याच्या दिशेला करा. आमच्या रत्नागिरीला बोट अशीच दूर उभी राहायची आणि पडावातून उतरावं लागायचं. सगळा प्रवास ठीक आणि शेवटच्या दहा मिनिटांत घोळ, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता जावयांसमोर लाज वाटते त्याचं. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ बीगल जहाजावर होता आणि अखेरपर्यंत त्याला बोट लागत राहिली. हॅमॉकमध्ये पडून मनुका खायचा. इंग्लंडचा नेल्सन, आरमाराचा एवढा मोठा सेनानी, वारा सुटला की आजारी पडायचा, आणि तसं स्वतःच पत्रात लिहून ठेवलंय त्याने. पण जावयांना डार्विन सांगून काय उपयोग? माझंच सांगा. मुलाच्या लग्नानंतर व्याही-विहीणबाईंना घेऊन आम्ही मालवणला गेलो. सिंधुदुर्ग किल्ला समोर दिसतो, होडीत बसलं की पाऊण-एक तास नाही, काही मिनिटांची वाट. एवढ्याशा अंतराला गोळी कशाला, असं म्हणून औषधवालीच गोळी न घेता बसली. किल्ल्याच्या दरवाजाला होडी लागायच्या आत मी विहीणबाईंच्या नव्या इरकलीवर... असो. त्यांनी शांतपणे पदर समुद्रात बुडवून धुतला आणि म्हणाल्या, "आता खरी सोयरीक झाली."

तेव्हा लेकीला आणि जावयांना आधीच सांगून टाका: मला बोट लागते, लागली तर मी अमुक ठिकाणी उभी राहीन, माझ्या मागे मागे फिरू नका, तुम्ही जेवायला जा. पिशव्या आणि ओला रुमाल लेकीच्या पर्समध्ये. लपवून ठेवलं की माणूस खोलीत कोंडून घेतं, आणि खोलीत त्रास वाढतो.

परत आल्यावर घरी पहिल्या रात्री पलंग हलतोय असं वाटेल, आंघोळीला उभं राहिलात तर मोरीची फरशी झुलेल. रक्तदाब वाढला म्हणून यजमानांना उठवू नका. दर्याची सवय झालेला कान आता जमिनीला बोट समजतोय, एक-दोन दिवसांत तो येतो ताळ्यावर. तोवर नळ धरून आंघोळ करा.